उपवासाच्या दिवसाची गोळी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. औषधाविषयी लिहिण्याचा अधिकार मला नाही. हे धाडस वाचकांनी पोटात घालावं.

दसऱ्याला होस्टेलवरून घरी गेलो, तर आईच्या गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्यामागे जशीच्या तशी पडली होती. आणि आई भिंतीला धरून चालत होती.

"नवरात्राचे उपवास होते ना," ती म्हणाली. "शक्तीच्या गोळ्या नऊ दिवस नाही घेतल्या तर काय बिघडतं?"

शक्तीच्या गोळ्या, असं मीच तिला सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले होते उदासीचा आजार. घरी तो शब्द उच्चारायला मी लाजलो. घरातल्या एकमेव शिकलेल्या माणसाने शिक्षण वापरलं ते लपवायला. अशी नावं बदलून किती घरांत औषधं दिली जात असतील, कोण जाणे.

डॉक्टरांना फोन केला. "या गोळ्या अचानक थांबवल्या की चक्कर येते, जीव घाबरतो," ते म्हणाले. "राहिलेल्या एकदम देऊ नका. आईंना घेऊन या. पुन्हा कशा सुरू करायच्या, ते तपासून सांगतो."

मग आईला खरं सांगितलं. ती फणकारली. "तेव्हाच सांगायचंस की मेल्या! मी काय गावभर दवंडी पिटणार होते?"

डॉक्टरांनी तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि मी होस्टेलवर परतलो. संकष्टीला दिवसभर माझं लक्ष फोनकडे होतं. संध्याकाळी तिचाच फोन आला. "उपवास आहे, पण गोळी घेतली रे. गणपती काही म्हणाला नाही."