खंडेनवमीनंतरची नेलगन

डॉक्टर मॅडमनी उजव्या हातात नेलगन धरली, डाव्या हाताने भिंतीवरची पट्टी दाबली आणि मला म्हणाल्या, "काढा फोटो!"

परळला त्यांच्या दातांच्या नव्या दवाखान्याचं काम संपत आलं होतं. दुसऱ्या दिवशी ओपनिंग. मी साइट सुपरवायझर. वेटिंग रूममधला शेवटचा खिळा स्वतः मारायचा, असा मॅडमचा हट्ट होता आणि क्लायंटला नाही म्हणायची मला सवय नाही.

नेलगन हवेच्या दाबावर खिळे मारते. आमच्या गनमधल्या बारीक खिळ्यांना आम्ही पिना म्हणतो. पिन सुटायला दोन परवानग्या लागतात. आधी गनचं पुढचं टोक लाकडावर टेकून आत दबलं पाहिजे, मग ट्रिगर. नुसत्या ट्रिगरने काही होत नाही. निदान होऊ नये.

"मॅडम, डावा हात लांब घ्या. आणि टोक टेकेपर्यंत बोट ट्रिगरवर नको."

"हो, हो." त्यांनी डावा हात काढून केस सारखे केले. बोट मात्र ट्रिगरवरच. टोक पट्टीपासून चांगलं चार बोटं लांब होतं.

ठाक! आत्ता जिथे त्यांचा हात होता, तिथेच पिन घुसली.

दातांच्या डॉक्टरचा हात, तोही ओपनिंगच्या आदल्या दिवशी! मी "बोट काढा!" म्हणून ओरडेपर्यंत आमचे सुतार नंदूमामा यांनी गनची नळी उपटलीसुद्धा. काही बिघडलं की आधी हवा तोडायची, मग पिना काढायच्या, डोकं नंतर खाजवायचं.

टोक आत दबलेलंच होतं. त्याला लाल दोऱ्याचे तीन वेढे. दोन दिवसांपूर्वी खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली, तेव्हा झेंडूची माळ मीच बांधली होती. चांगली आवळून. सकाळी मामांनी फुलं काढली, दोरा ठेवला. मामा नेहमी टोक टेकवूनच पिन मारतात, त्यामुळे दिवसभर कुणाला काही कळलं नाही.

"अहो मामा, कापायचा ना!"

"पूजेचो दोरो असा तो. कसो कापूचो?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पेशंटच्या तोंडात घालायच्या आधी मी ड्रिल बाहेर फिरवून बघते. तुम्ही?"

"रोज तपासतो. आज गडबडीत राहिलं." मला माझीच लाज वाटली.

दोरा मीच कापला. टोक टुणकन बाहेर आलं. पिना न भरता हवा जोडली, गन जमिनीकडे धरून नुसता ट्रिगर दाबला. गप्प. मघाची पिन जरा खोलच गेली होती, म्हणून कॉम्प्रेसरचा दाबही कमी केला. मग पिना भरून टाकाऊ तुकड्यावर मारत राहिलो, पिनेचा माथा लाकडाशी सपाट येईपर्यंत.

मॅडमनी शेवटची पिन झकास मारली. डावा हात पाठीमागे ठेवून, न सांगता.

पूजा झाली म्हणून हत्यार तपासणं टळत नाही. आणि दोरा मी बांधलेला असेल, तर दोनदा तपासावं.