अम्मानं ओतलेलं पाणी

सोलापुरात आम्ही तेलुगू विणकरांच्या वस्तीत राहायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी नववीत होते. नाना, म्हणजे माझे वडील, सूत रंगवण्याच्या कारखान्यात कामाला. एका सकाळी तिथं वाफेचा पाइप सुटला आणि त्यांचा उजवा हात भाजला...

कारखाना जवळच, म्हणून लोकांनी आधी घरी आणलं. अम्मानं, माझ्या आईनं, त्यांना मोरीत बसवलं आणि हातावर गार पाणी ओतायला लागली. टांगा येईपर्यंत ती ओतत राहिली.

दवाखान्यातून घरी आल्यावरही जखम सुकेना. आजीनं, आमच्या नानम्मानं, एकच धरलं... भाजल्यावर पाणी लावलं म्हणूनच फोड आले. "हिनंच माझ्या लेकाचा हात घालवला." नातेवाईकही तेच बोलू लागले. नानांच्या अंथरुणापाशी अम्माला कुणी बसू देईना. ती जेवायची थांबली.

त्याच सुमारास शाळेत शिंदे बाई उष्णता आणि तापमान शिकवत होत्या. उकळतं पाणी आणि त्याची वाफ, दोन्हींचं तापमान शंभर अंश... मी वर्गात कधी तोंड उघडायची नाही, त्या दिवशी उभी राहिले.

"बाई, दोन्ही सारखंच तापलेलं, मग वाफेनं जास्त का भाजतं?"

बाई म्हणाल्या, "तापमान सारखं, पण वाफेत उष्णता जास्त असते. कातडीवर तिचं पाणी होतं, तेव्हा ती लपलेली उष्णता अंगात उतरते."

"आणि त्यावर गार पाणी ओतलं तर?"

"तर पाणी ती उष्णता ओढून घेतं. तेच करायला हवं... का गं, कुणाला भाजलंय?"

तास संपल्यावर मी त्यांना घरचं सगळं सांगितलं.

शाळा सुटल्यावर बाई माझ्याबरोबर घरी आल्या. जमिनीवर नानम्माजवळ बसल्या. त्या मराठीत सांगत होत्या, मी तेलुगूत. नानम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, मग फोड का आले?

"फोड वाफेचे, आजी. सुनेनं पाणी ओतलं नसतं तर आणखी खोल भाजलं असतं."

अम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी... नानम्मानं तिच्याकडं न बघताच अंथरुणापाशी थोडं सरकून जागा केली. म्हणाली, "ये, बस त्याच्याजवळ."

अम्मा बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

नानांची बोटं पुढं कधी नीट वळली नाहीत, पण हात राहिला. त्या दोघींनी तो विषय पुन्हा काढला नाही.

बाई आता नाहीत. पुस्तकात लिहिलेलं खरं असतं, एवढं मला तेव्हाही ठाऊक होतं... पण ते खरं कुणीतरी आपल्या पायांनी चालत येऊन घरात सांगावं लागतं. आमच्या घरी त्या आल्या.