न दिसलेलं विमान

मंडळी, आज मी रेडिओवर खोटं बोलले.

पायलटचं ट्रेनिंग चालू आहे माझं. आज एकटीच उडालेले. कल्याणच्या खाडीवर हवा धुरकट होती. आम्ही डोळ्यांनी बघून विमान चालवतो. रडारवाले जवळपासचं विमान कळवतात, पण ते दिसलं की चुकवायचं आपणच.

रडारवरच्या सरांनी विचारलं, "उजवीकडे, तुमच्याच उंचीवर विमान आहे. दिसतंय?"

काहीच दिसत नव्हतं. तरी तोंडातून गेलं, "हो सर, दिसलं." वर्गात न कळताही "कळलं सर" म्हणायची जुनी सवय!

म्हणजे आता ते विमान चुकवणं माझ्यावर आलं! लगेच रेडिओचं बटण दाबलं. "सर, चुकले. दिसत नाहीये."

"डावीकडे वळा." आवाज शांत. मी वळले, आणि ते विमान उजवीकडून गेलं. त्याची चाकंसुद्धा दिसली.

आता ठरलं. समोर कुणीही सर असू देत, न दिसलेलं "दिसलं" म्हणणार नाही. तुम्ही शेवटचं "कळलं" खरंच कळून कधी म्हणालात?

कोपरला घरी आले. आईने विचारलं, "नीट झालं ना गं सगळं?"

"हो" ओठांवर आलेलं. गिळलं.

"नाही आई. बस, सांगते."