हितं उतरायचं असतं

उत्रोली सोडून निघाले त्या दिवशी आप्पांनी मला त्यांच्या वडापच्या जीपमधूनच विमानतळावर नेलं. आप्पा म्हणजे माझे वडील. उभी हयात त्यांनी भोर-वेल्हे रस्त्यावर शिटा भरून जीप चालवली. कापूरहोळला हवालदारांनी हात केला. आप्पांनी जीप कडेला घेतली, टोपी सारखी केली आणि उतरून हसत हसत त्यांच्याकडे गेले. मी आपली सुजलेले डोळे पुसत बसून होते. काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण हवालदार माझ्या खिडकीशी आले नि म्हणाले, "अमेरिकेला चाललीस व्हय? सांभाळून ऱ्हा, पोरी." ना ओळख ना पाळख, पण तेवढ्यावर मला पुन्हा रडू फुटलं.

"पोलिसानं थांबवलं की पयलं खाली उतरायचं." भाटघरच्या रस्त्यावर आप्पांनी मला गाडी शिकवली, तेव्हा क्लचच्याही आधी हा धडा होता. "त्यो उन्हात हुबा आन आपण शिटावर बसून बोलायचं? बरं दिसत न्हाई त्ये. खाली उतरलं म्हंजी मानूस मानसाला दिसतो."

इकडे आल्यावर नेमकं हेच विसरावं लागलं. पहिल्यांदा भाड्याने गाडी घेतली तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणीनं बजावलं, मागे दिवे चमकले की उजव्या कडेला थांब, इंजिन बंद कर, काच खाली घे, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव. विचारल्याशिवाय कागदसुद्धा काढू नकोस. आणि काही झालं तरी उतरू नकोस. इथे कुणाच्याही खिशात बंदूक असू शकते, त्यामुळे उतरून चालत येणाऱ्या माणसाची पोलिसांना धास्ती वाटते. माझ्यासारखे जे बाहेर आहेत त्यांना हे पाठ असेल. गावाकडच्यांनो, तुम्हाला मात्र ही थाप वाटेल.

मागच्या वर्षी आई-आप्पा आले. त्यांना डोंगर दाखवायला मी मोठी गाडी भाड्याने घेतली. आप्पा पुढे, आई मागे, आणि मी बोलण्याच्या नादात. अचानक आरशात लाल-निळे दिवे चमकले. मी थांबले, हात स्टिअरिंगवर ठेवले. आप्पांना आधी सांगून ठेवावं, हे मला सुचलंच नव्हतं.

"तू बस. सायबाशी म्या बोलतो," म्हणत त्यांनी पट्टा सोडला, दार उघडलं नि एक पाय बाहेर टाकला. मागच्या गाडीच्या भोंग्यातून आवाज आला, गाडीतच बसा. आप्पांना इंग्रजी कुठलं कळायला? त्यांच्या चेहऱ्यावर तेच कापूरहोळचं हसू होतं. पोलीस खाली उतरला होता आणि त्याचा हात कमरेच्या बंदुकीवर गेला होता.

मी आप्पांची बाही धरून खेचली नि किंचाळले, "आप्पा, बसा! हलू नका! हात पुढं ठेवा!"

जन्मात कधी मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. आप्पा बसले. त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवले.

पोलीस तरणाबांड होता. मी त्याला म्हटलं, हे माझे वडील, आमच्याकडे गाडीतून उतरणं हा मान असतो. भाड्याच्या गाडीचे कागद समोरच्या कप्प्यात आहेत, काढू का, असं विचारून मग काढले. वेग जरा जास्त होता, एवढंच. समज देऊन त्यानं सोडलं आणि जाताना वाकून आप्पांना "हॅव अ नाइस डे, सर" म्हणाला. आप्पांनी हात न उचलता नुसती मान लववली.

पुढे ते खिडकीबाहेर तोंड करून बसले. शेवटी आई मागून म्हणाली, "त्वांड फुगवून बसू नगा. तुमच्या काळजीपायीच वरडली पोरगी."

"वरडली त्याचं काय न्हाई गं," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "पर असल्या मुलखात तू एकटी ऱ्हातीस, त्ये आज कळालं."

मी गाडी चालवत राहिले.

यंदा दिवाळीला घरी गेले. भोरहून उत्रोलीकडे जीप मीच चालवत होते. वळणावर हवालदारांनी हात केला. मी जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसले. हातांना सवयच लागली होती. शेजारून आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आपलेही दोन्ही हात त्यांनी मुकाट्यानं डॅशबोर्डवर ठेवले.

हवालदार चक्रावले. "काय ओ आप्पा? हात आखडल्यात का काय?"

आप्पा मोठ्यानं हसले. माझी बोटं स्टिअरिंगवरून अलगद सोडवत म्हणाले, "उतर गं. हितं उतरायचं असतं."

मी उतरले. हवालदारांना रामराम घातला. "कवा आलीस?" त्यांनी विचारलं.

तुझं घर कुठं, असं इकडे कुणी विचारलं की मी भोरचं नाव सांगते. मनात मात्र ते वळण येतं. तिथं मी दार उघडून खाली उतरले, आणि कुणाचाही हात कमरेकडे गेला नाही.