ताडपत्रीचं दुसरं टोक

मंडळी, ऐकायला घरचं कोणी नाही, म्हणून आजचा अनुभव वाचनालयाच्या या फळ्यावर लिहितो आहे.

पांझरेच्या पुरात देवपुरातली माझी खोली पडली. कापसाच्या गाठी झाकायच्या ताडपत्र्या जिनिंग कारखान्यातून शाळेच्या मैदानावर आल्या आणि सकाळी घरटी एक वाटली गेली. मलाही मिळाली. पण एक टोक बांबूला बांधायला घेतलं की दुसरं वाऱ्यानं उडायचं. तीनदा तसंच झालं. आजूबाजूच्या कुटुंबांचे आडोसे उभे राहिले, मी मात्र भिजत राहिलो.

शेजारच्या आडोशातून एक म्हातारी अक्का उठून आली. "आण भाऊ, मी धरस. तुना घरना बठ्ठा कोठे शेतस?"

"घरचे सगळे? कोणी नाही, अक्का. बायको दोन वर्षांपूर्वी गेली."

गाठी पक्क्या होईपर्यंत ती दोन्ही हातांनी टोक धरून उभी राहिली.

दुपारी तिचा मुलगा अमळनेरहून आला आणि तिला घेऊन गेला.

आठ माणसं सहज मावतील एवढी ती ताडपत्री, आणि खाली मी एकटा. तुमच्यापैकी कोणी अजून उघड्यावर आहे का? असाल तर या. मैदानाच्या कडेला शेवटची माझी.