टकवेलच्या घरातून जाणारी शीव

थॉर्नीकूम गावात पंचायत म्हटलं की विल्फ्रेड टकवेल, आणि गावचा वारसा म्हटलं तरी विल्फ्रेड टकवेलच. तो सभेला बसला की ठराव जागचा हलत नसे. बसथांब्याला कुठला हिरवा रंग द्यायचा, यावर त्यानं दोन हिवाळे खाल्ले.

पण त्याचा खरा जीव शीव बडवण्यात. दर मे महिन्यात सगळं गाव विलो झाडाच्या काठ्या घेऊन शिवेवरून चालतं, खुणेच्या प्रत्येक दगडावर, झाडावर काठ्या मारतं आणि "आमची!" म्हणून ओरडतं. पुढे विल्फ्रेड, झेंडा घेतल्यासारखी काठी धरून. त्याचा नियम एकच: शीव जिथून जाते तिथूनच जायचं. त्यापायी त्यानं पाद्रीबाईंना ओढ्यात उतरवलं होतं, आणि दारूच्या गुत्त्याचा मालक कॉलिन डॅब याच्या खुराड्यातून तर दरवर्षी वरात जाई. कोंबड्या आठवडाभर अंडी देत नसत. "शीव कुणाचं तोंड बघत नाही," विल्फ्रेड ऐटीत म्हणे.

यंदा पंचायतीच्या नव्या चिटणीस रोवेना पास्क यांनी जुना नकाशा उघडला. भर सभेत बाई म्हणाल्या, "मिस्टर टकवेल, तुम्ही वरात तुमच्या कुंपणाबाहेरून नेता. शीव तर तुमच्या स्वयंपाकघरातून जाते."

सभेतल्यांनी नजरा आपापल्या बुटांकडे वळवल्या. कारण हे सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वी वरात टकवेलच्या मागच्या दारानं शिरून पुढच्या दारानं निघायची, आणि त्याची बायको बेरिल प्रत्येकाच्या हातावर गरम केक ठेवायची. बेरिल गेली तेव्हापासून विल्फ्रेड बाहेरून वळसा घालत होता. घरात कुणाला पाऊल टाकू देत नव्हता. गावानं पाहिलं आणि ब्र काढला नाही.

"नकाशाच चुकला असेल हो बाई," कॉलिन घाईघाईनं म्हणाला.

"हो हो, जुने नकाशे कसले भरवशाचे!" पाद्रीबाईंनी री ओढली. देवाच्या बाईनं धडधडीत थाप मारली.

"ठीक आहे," रोवेनाबाई म्हणाल्या. "मग तेवढा भाग शेजारच्या पिडलफोर्डचा, असं लिहिते."

विल्फ्रेड ताडकन उठला. "बेरिलची चूल पिडलफोर्डात? त्या कवडीचुंबकांच्या गावात? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही!"

बोलून बसला, आणि मग त्याला कळलं आपण काय बोलून बसलो ते.

वरातीच्या दिवशी त्यानं मागचं दार उघडलं. माणसं बूट पुसून, देवळात शिरावं तशी आत आली. बेरिलचा एप्रन खिळ्याला तसाच होता. ओट्यावर एकच कप. सगळ्यांनी काठ्या खाली घेतल्या. कुणी ओरडेना.

"बडवा की!" विल्फ्रेड खेकसला. "ओढ्यात उतरलात, इथं काय झालं?"

"कशावर मारू, विल्फ?" कॉलिननं हळूच विचारलं.

विल्फ्रेडनं चौकटीवर हात ठेवला. "हिच्यावर मार. जोरात मार, गड्या. या घरात आवाज होऊन फार वर्षं झाली."