दाजींनी जिंकलेले तीन खेळ
तापलेल्या टीव्हीचा वास आला की राजारामपुरीतलं ते व्हिडिओ गेमचं दुकान आठवतं. धाकट्या बहिणीचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि दाजी आमच्याकडे आले की कुठल्याही विषयावर व्याख्यान देत. आम्ही भावांनी त्यांना त्या दुकानात नेलं. नाणं टाकलं नाही तर मशीन नमुन्यादाखल आपलं आपणच खेळतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही नाणं टाकलंच नाही. दाजींनी मशीनचा दांडा हलवला. एका मशीनवर मोटार पळाली, दुसऱ्यावर विमानं पडली, तिसऱ्यावर भुतांना हुलकावणी मिळाली. "दाजी, हाताला जादू हाय की तुमच्या!" म्हणत आम्ही टाळ्या पिटल्या. घरी जेवताना त्यांनी विवेचन केलं : मोटारीला संयम लागतो, विमानाला नजर, भुतांना डोकं. बहीण कौतुकानं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिलाही नेलं, आणि या वेळी नाणं टाकलं. मोटार पहिल्याच वळणावर आदळली. "काल मशीनच खेळत हुतं, दाजी," मी सगळ्यांदेखत सांगितलं. सगळ्यांत आधी बहीणच हसली, आणि लगेच तिनं तोंडावर पदर धरला. दाजींनी दांडा सावकाश सोडला. आज चाळीस वर्षं झाली. दाजी तिच्याशी कामापुरतंच बोलतात, आणि ती आमच्याशी तेवढंही नाही.